निवडीची गोष्ट आणि घडणीचा प्रश्न : 'मन में है विश्वास'च्या निमित्ताने पोलीस अधिकारी होण्याच्या वाटेची चिकित्सा

प्रास्ताविक

सातारा आणि सांगली या जिल्ह्यांच्या संधिप्रदेशातील कराड, पाटण, वाळवा, शिराळा या तालुक्यांत पोलीस खात्यातील नोकरीकडे केवळ उपजीविकेचे साधन म्हणून पाहिले जात नाही. सैन्यात जाण्याची परंपरा, तालमीची संस्कृती आणि रयत शिक्षण संस्थेसारख्या संस्थांनी खेड्यापर्यंत नेलेले शिक्षण या तिन्ही प्रवाहांचा मिलाफ होऊन 'वर्दी' हे येथील तरुणाईचे एक सामूहिक स्वप्न बनले आहे. शेतजमिनीचे तुकडे होत गेले, पदवीने मिळणाऱ्या नोकऱ्या कमी होत गेल्या, तसतसे हे स्वप्न अधिक तीव्र झाले. पहाटे मैदानावर धावायचे आणि दिवसा अभ्यासिकेत बसायचे, हा दिनक्रम आज येथील हजारो मुला-मुलींचा आहे.

या तरुणांच्या हाती अभ्यासाच्या पुस्तकांखेरीज जे एक मराठी पुस्तक हमखास दिसते, ते म्हणजे विश्वास नांगरे पाटील यांचे 'मन में है विश्वास' हे आत्मकथन. २०१६ साली राजहंस प्रकाशनाने प्रसिद्ध केलेल्या या पुस्तकाला मोठा वाचकवर्ग लाभला. एरवी ललित वाङ्मय न वाचणारा विद्यार्थीही ते वाचतो, त्यातील प्रसंग मित्रांना सांगतो. मात्र लोकप्रियतेच्या मानाने त्याची वाङ्मयीन चिकित्सा फारशी झालेली नाही. 'प्रेरणादायी' हे एकच विशेषण लावून त्याची बोळवण करण्यात येते. एखादे पुस्तक एका पिढीच्या जीवनविषयक निर्णयांवर परिणाम करीत असेल, तर ते काय सांगते आणि काय सांगावयाचे राहून जाते, हे तपासणे समीक्षेचे कर्तव्य ठरते.

प्रस्तुत लेखात पुढील तीन मुद्द्यांचा विचार केला आहे : (१) पोलीस सेवेत प्रवेश करण्याच्या प्रत्यक्ष वाटा आणि या आत्मकथनातून वाचकासमोर उभी राहणारी वाट यांतील संबंध, (२) 'निवड' आणि 'घडण' या दोन टप्प्यांना कथनात मिळणारे स्थान, (३) या आत्मकथनाचे वाचन कोणत्या अन्य कृतींच्या आणि जीवनांच्या संदर्भात झाले असता ते अधिक अर्थपूर्ण होईल. 'कर हर मैदान फतेह' हे नांगरे पाटील यांचे त्यानंतरचे पुस्तक स्वतंत्र अभ्यासाचा विषय असल्याने येथे विचारात घेतलेले नाही.

पोलीस होण्याच्या वाटा : वस्तुस्थिती

महाराष्ट्रात पोलीस सेवेत प्रवेश करण्याचे चार प्रमुख दरवाजे आहेत. पहिला पोलीस शिपाई भरतीचा. त्यासाठी बारावी उत्तीर्ण असणे आवश्यक असते. शारीरिक चाचणीस ५० व लेखी परीक्षेस १०० गुण असतात. दुसरा दरवाजा उपनिरीक्षकाचा, म्हणजे जनसामान्यांच्या भाषेत फौजदाराचा. या पदाच्या जागा दीर्घकाळ ५० टक्के सरळसेवेने, २५ टक्के खात्यांतर्गत मर्यादित स्पर्धा परीक्षेद्वारे आणि २५ टक्के सेवाज्येष्ठतेनुसार पदोन्नतीने भरण्याची पद्धत राहिली आहे. सरळसेवेची परीक्षा महाराष्ट्र लोकसेवा आयोग घेतो व तीस पदवी लागते. तिसरा दरवाजा राज्यसेवा परीक्षेतून मिळणाऱ्या पोलीस उपअधीक्षक पदाचा आणि चौथा संघ लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून मिळणाऱ्या भारतीय पोलीस सेवेचा.

या चार दरवाजांची रुंदी सारखी नाही. भारतीय पोलीस सेवेत अलीकडच्या काळात संपूर्ण देशातून वर्षाला दीडशे ते दोनशे उमेदवार घेतले जातात. उलट २०२४ मध्ये महाराष्ट्रात झालेल्या पोलीस भरतीत १७,४७१ पदांसाठी १७ लाखांहून अधिक अर्ज आले होते. म्हणजे सर्वांत रुंद दरवाजातूनही शंभर अर्जांमागे साधारणतः एकालाच प्रवेश मिळतो. या स्पर्धेची किंमत काही वेळा जिवाने मोजावी लागली आहे. जून २०१४ मध्ये मुंबईतील भरतीत पाच किलोमीटर धावण्याच्या चाचणीच्या वेळी काही उमेदवारांचा मृत्यू झाला आणि त्यानंतर ते अंतर कमी करण्यात आले. आज पुरुष उमेदवारांसाठी १६०० मीटर व महिला उमेदवारांसाठी ८०० मीटर धावण्याची चाचणी आहे.

निवडीनंतर प्रशिक्षण येते. शिपायांचे मूलभूत प्रशिक्षण राज्यातील निरनिराळ्या पोलीस प्रशिक्षण केंद्रांत होते. त्यांपैकी एक केंद्र सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात तुरची येथे आहे. उपनिरीक्षक आणि उपअधीक्षक घडतात ते नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत. भारतीय पोलीस सेवेतील अधिकारी मसुरी येथील पायाभूत अभ्यासक्रमानंतर हैदराबादच्या सरदार वल्लभभाई पटेल राष्ट्रीय पोलीस अकादमीत जातात. १९४८ मध्ये माउंट अबू येथे सुरू झालेली ही संस्था १९७५ मध्ये हैदराबादला हलविण्यात आली. कायदा, तपास, कवायत, शस्त्रे, न्यायवैद्यक हे विषय तेथे शिकविले जातात.

हा तपशील येथे देण्याचे प्रयोजन एवढेच, की पोलीस होण्याची वाट एक नसून अनेक आहेत आणि प्रत्येक वाटेचे निवड व घडण असे दोन टप्पे आहेत. वाङ्मयात मात्र यांपैकी एकच वाट आणि तिचा एकच टप्पा ठळक झाला आहे.

'मन में है विश्वास' : सामर्थ्यस्थळे

विश्वास नांगरे पाटील हे शिराळा तालुक्यातील कोकरूडचे. शिवाजी विद्यापीठाची पदवी घेऊन ते १९९७ साली भारतीय पोलीस सेवेत आले. २६ नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्यात ताज हॉटेलमध्ये सर्वप्रथम शिरणाऱ्या पोलीस अधिकाऱ्यांत त्यांचा समावेश होता व पुढे राष्ट्रपतींच्या शौर्यपदकाने त्यांचा गौरव झाला. ही कामगिरी ज्ञात असलेला वाचकच पुस्तक हाती घेतो, ही गोष्ट त्याच्या वाचनप्रक्रियेत महत्त्वाची आहे. शेवट ठाऊक असल्यामुळे वाचकाचे कुतूहल 'काय झाले' याकडे नसते. 'आपल्यासारखाच एक मुलगा तिथवर पोहोचला कसा', या प्रश्नाचे उत्तर त्याला हवे असते.

या प्रश्नाला पुस्तक थेट भिडते, हे त्याचे पहिले सामर्थ्य होय. ग्रामीण विद्यार्थ्याचा न्यूनगंड, शहरात गेल्यावर जाणवणारे भाषेचे व राहणीचे परकेपण, इंग्रजीची भीती आणि अभ्यासाला बसल्यावर मनात दाटणारी अनिश्चितता या अनुभवांना मराठी आत्मचरित्राच्या मुख्य प्रवाहात पूर्वी फारशी जागा नव्हती. साठोत्तरी ग्रामीण साहित्याने खेडे मराठी वाचकासमोर आणले. तथापि खेड्यातून स्पर्धा परीक्षेच्या खोलीत येऊन बसलेला तरुण हा त्यानंतरच्या काळाचा नायक आहे. त्याला शब्द देण्याचे श्रेय या आत्मकथनाकडे जाते.

दुसरे सामर्थ्य भाषेचे. व्यासपीठावरील वक्तृत्वाची लय या गद्यात उतरली आहे. निवेदक वाचकाला दूर उभा करीत नाही, थोरल्या भावाच्या नात्याने त्याच्याशी बोलतो. शीर्षकही या दृष्टीने अभ्यसनीय आहे. मराठी आत्मकथनाला हिंदी शीर्षक आहे, ते एका सर्वपरिचित समूहगीताची आठवण करून देते आणि त्याच वेळी लेखकाचे नावही त्यात गोवले जाते. व्यक्तीचे नाव आणि गुणाचे नाव एकरूप होते. 'विश्वास असेल तर यश मिळते' हे सूत्र शीर्षकातच सिद्ध झाल्यासारखे भासते.

तिसरे असे, की या पुस्तकाने ग्रामीण पालकांच्या दृष्टीनेही एक शक्यता खुली केली. मुलाने फौजदार व्हावे, ही मागील पिढीची कमाल आकांक्षा होती. जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकाच्या खुर्चीत आपल्या गावचा मुलगा बसू शकतो, हे सांगण्यासाठी अशा एका ठोस उदाहरणाची गरज होती. या उपकाराची नोंद घेतल्याशिवाय पुढील चिकित्सा न्याय्य होणार नाही.

निकालापाशी थांबणारे कथन

या सामर्थ्यातूनच पुस्तकाची मर्यादा निर्माण होते. कथनाचा भर बालपणापासून निवडीपर्यंतच्या प्रवासावर आहे. अडचण, जिद्द, अपयश, पुन्हा प्रयत्न आणि यश अशी त्याची चढती रचना आहे. या रचनेत यशाचा क्षण म्हणजे निकालाचा दिवस. वाचकाच्या मनात त्यामुळे एक समीकरण तयार होते : निकाल लागला म्हणजे पोलीस अधिकारी तयार झाला. वस्तुतः निकालाच्या दिवशी परीक्षा संपलेली असते. अधिकाऱ्याचे शिक्षण त्यानंतर सुरू व्हावयाचे असते.

हा दोष एका लेखकाचा नाही. तो या संपूर्ण वाङ्मयप्रकाराचा आहे. महाराष्ट्र संवर्गातील अधिकारी मनोज कुमार शर्मा यांच्या जीवनावर अनुराग पाठक यांनी 'ट्वेल्थ फेल' ही हिंदी कादंबरी लिहिली व तिच्यावर विधू विनोद चोप्रा यांनी २०२३ मध्ये चित्रपट केला. चंबळच्या खोऱ्यातील मुलाने दिल्लीत पिठाच्या गिरणीत राबून अभ्यास करावा आणि अखेर यादीत नाव यावे, हा त्याचा आलेख. त्या चित्रपटात एक मर्मग्राही धागा आहे. शाळेतील सामूहिक कॉपी थांबविणारा एक प्रामाणिक अधिकारी मुलाच्या मनात ठसतो आणि अधिकारी होण्याची इच्छा त्या नैतिक अनुभवातून जन्म घेते. तरीही चित्रपटाचा उत्कर्षबिंदू मुलाखत आणि निकाल हाच आहे. पुढे त्या प्रामाणिकपणाचे पोलीस ठाण्यात काय होते, हा प्रश्न तो विचारत नाही.

अशा कथनांचे दोन परिणाम संभवतात. पहिला, जो निवडला गेला नाही त्याला गोष्टच उरत नाही. 'विश्वास असेल तर यश मिळते' या सूत्राची दुसरी बाजू 'यश मिळाले नाही म्हणजे विश्वास कमी पडला' अशी होते. शंभरात एकाला जागा असलेल्या व्यवस्थेत उरलेल्या नव्व्याण्णवांच्या अपयशाचे कारण त्यांच्या मनात शोधणे अन्यायाचे आहे. कारण जागांची संख्या जिद्दीने वाढत नाही. दुसरा परिणाम अधिक गंभीर आहे. जो निवडला जातो, त्याला वर्दी हे केलेल्या कष्टांचे बक्षीस वाटू लागते. बक्षिसावर मालकी असते, जबाबदारीचा मात्र हिशेब द्यावा लागतो. या दोहोंतील फरक शिकविण्याचे काम निवडीची गोष्ट करू शकत नाही.

परिसरातील दोन आयुष्ये

निवडीच्या क्षणाने सेवेचा दीर्घ काळ झाकून जाण्याची ही प्रवृत्ती नवी नाही. कराडच्याच मातीतील एक उदाहरण पाहता येईल. गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी त्यांच्या प्रवासासाठी घर गहाण ठेवल्याचे आणि परतल्यावर शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाल्याचे येथे आजही सांगितले जाते. मात्र १९५५ मध्ये खाशाबा पोलीस उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले, त्यांनी सुमारे सत्तावीस वर्षे खात्यात काढली, सहायक पोलीस आयुक्त म्हणून ते निवृत्त झाले आणि निवृत्तिवेतनासाठी त्यांना झगडावे लागले, हा भाग लोकस्मृतीत एखाद्या वाक्यापुरता उरतो. क्रीडाकौशल्याच्या बळावर पोलीस झालेल्या माणसाला खात्याने काय शिकविले, त्याने खात्याला काय दिले, याविषयी आपली कथनपरंपरा जवळजवळ मुकी आहे.

दुसरे आयुष्य सातारा जिल्ह्यातील जावळी तालुक्यातील केडंबे गावच्या तुकाराम ओंबळे यांचे. सैन्याच्या सिग्नल विभागातून नाईक म्हणून निवृत्त झाल्यावर १९९१ मध्ये ते मुंबई पोलीस दलात आले. ज्या रात्री ताजमध्ये नांगरे पाटील होते, त्याच रात्री गिरगाव चौपाटीवर सहायक पोलीस उपनिरीक्षक ओंबळे यांनी अजमल कसाबच्या रायफलची नळी हाताने धरून ठेवली. गोळ्या अंगावर घेऊन त्यांनी सहकाऱ्यांना त्याला पकडण्याची संधी दिली. त्यांच्या हातात त्या वेळी केवळ लाठी होती. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले.

ओंबळे यांच्या कृतीचा गौरव शौर्य म्हणून होतो, आणि तो योग्यच आहे. परंतु तिचा आणखी एक अर्थ आहे. त्यांच्या बलिदानामुळे आरोपी जिवंत हाती लागला. तो जिवंत असल्यामुळे त्याच्यावर खुला खटला चालला, पुरावे तपासले गेले, उच्च व सर्वोच्च न्यायालयापर्यंत अपिले झाली आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी शिक्षेची अंमलबजावणी झाली. पोलिसाचे काम आरोपीला कायद्यासमोर आणून उभे करण्याचे आहे, या तत्त्वाचे याहून मोठे उदाहरण सापडणार नाही. स्पर्धा परीक्षेच्या गोष्टीत ओंबळे यांना स्थान नाही. कारण त्यांची वाट सैन्यातून खालच्या पदावर व तेथून पदोन्नतीने वर, अशी होती. त्यात निकालाचा दिवस नाही. आणि तरीही पोलीस असण्याचा अर्थ त्या एका रात्रीत सर्वाधिक स्पष्ट झाला.

'अर्धसत्य' आणि 'उचल्या' : दुसऱ्या बाजूने

निवडीनंतर काय घडते, याचा शोध मराठीतील एका कथेने फार पूर्वी घेतला होता. श्री. दा. पानवलकर यांच्या 'सूर्य' या कथेवरून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली आणि गोविंद निहलानी यांनी १९८३ मध्ये 'अर्धसत्य' हा हिंदी चित्रपट केला. त्यातील उपनिरीक्षक अनंत वेलणकर यास पुढे शिकावयाचे होते. पोलीस दलातूनच निवृत्त झालेल्या वडिलांच्या हुकमाने तो खात्यात आला. त्याची निवड झाली आहे, प्रशिक्षण झाले आहे, अंगात धमक आहे. तरीही खात्यातील लाचारी, राजकीय आश्रयाने वाढलेला गुंड आणि वडिलांकडून मिळालेला हिंसेचा वारसा यांच्या कोंडीत तो सापडतो. त्याच्या मारहाणीत कोठडीतील एक भुरटा चोर मरतो. अखेरीस तो गुंडाचा खून करून स्वतःला पोलिसांच्या हवाली करतो. वेलणकर शूर आहे, प्रामाणिकही आहे. त्याच्याकडे नसते ते आपला संताप आणि आपली सत्ता यांत अंतर ठेवण्याचे शिक्षण.

'मन में है विश्वास' जिथे थांबते, तिथून 'अर्धसत्य' सुरू होतो, असे म्हणता येईल. एका कृतीत वर्दी मिळविण्याचा आनंद आहे, दुसरीत वर्दी अंगावर वागविण्याचा भार. होऊ घातलेल्या अधिकाऱ्याने या दोन्ही कृती शेजारी ठेवून पाहाव्यात. पहिलीशिवाय तो उभा राहणार नाही, दुसरीशिवाय उभे राहून काय करावयाचे हे त्याला उमजणार नाही.

या दोहोंच्या जोडीला तिसरी कृती ठेवावी लागेल. लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' हे १९८७ मधील आत्मकथन पोलीस ठाण्याकडे ठाण्याबाहेरून पाहते. जन्माने गुन्हेगार ठरविल्या गेलेल्या जमातीतील मुलाला पोलीस दिसतो तो झडतीला येणारा, मारहाण करणारा, हप्ता घेणारा. साहित्य अकादमी पुरस्कार लाभलेले हे पुस्तक अनेक विद्यापीठांत अभ्यासले गेले. पण दलित व भटक्या-विमुक्तांच्या साहित्याचा अभ्यासक आणि पोलीस भरतीचा उमेदवार हे दोन वेगळे वाचक आहेत, असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात 'उचल्या'ची सर्वाधिक गरज दुसऱ्या वाचकाला आहे. उद्या ज्या वस्तीत तो झडतीला जाणार आहे, त्या वस्तीतील मुलाच्या डोळ्यांत आपण कसे दिसतो, हे त्याला अन्य कोणतीही मार्गदर्शिका सांगणार नाही.

निवड परीक्षा, भाषा आणि प्रशिक्षण

मराठीच्या अध्यापकाला या विषयातील आणखी एक बाब अस्वस्थ करणारी वाटते. शिपाई भरतीच्या लेखी परीक्षेत अंकगणित, सामान्य ज्ञान व चालू घडामोडी, बुद्धिमत्ता चाचणी यांच्या जोडीला मराठी व्याकरण असते. उपनिरीक्षक पदाच्या मुख्य परीक्षेतही मराठी आहे. मात्र दोन्ही ठिकाणी प्रश्न वस्तुनिष्ठ स्वरूपाचे असतात. समासाचा प्रकार ओळखणे, म्हणीचा अर्थ निवडणे, शुद्ध रूपावर खूण करणे एवढ्यावर भाषेची परीक्षा संपते. सलग दहा ओळी लिहिण्याची वेळ उमेदवारावर येत नाही.

आता पोलिसाचे काम पाहावे. फिर्याद, जबाब, पंचनामा, ठाण्यातील दैनंदिनी, दोषारोपपत्र हे सारे मराठी गद्यलेखन आहे. फिर्यादी घाबरलेली स्त्री असते, तिचे बोलणे तुटक असते; तिच्या शब्दांत आपले शब्द न मिसळता ते कागदावर उतरवावयाचे असते. पंचनाम्यातील एका संदिग्ध वाक्याचा फायदा आरोपीला मिळू शकतो, एका खोट्या वाक्याने निरपराध माणूस तुरुंगात जाऊ शकतो. ऐकणे, नेमके लिहिणे आणि लिहिलेल्याची जबाबदारी घेणे या तीन क्षमतांवर न्यायाची पहिली पायरी उभी आहे. निवड परीक्षा यांपैकी एकही क्षमता पाहत नाही आणि निवडीची गोष्ट सांगणारे वाङ्मयही तिच्याकडे लक्ष वेधत नाही.

मग हे सर्व प्रशिक्षणावर येऊन पडते. केंद्र सरकारने १९७१ साली टाटा समाजविज्ञान संस्थेचे प्रा. एम. एस. गोरे यांच्या अध्यक्षतेखाली पोलीस प्रशिक्षणाविषयी समिती नेमली होती. कवायत आणि कायद्याची कलमे यांपलीकडे जाऊन समाजाची समज व योग्य वृत्ती घडविणे हे प्रशिक्षणाचे उद्दिष्ट असावे, हा त्या समितीच्या विचाराचा गाभा होता. एका समाजशास्त्रज्ञाकडे हे काम सोपविले गेले, यातच प्रशिक्षणाचा प्रश्न मुळात मानवी संबंधांचा आहे याची कबुली होती. डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू प्रकरणात अटकेसंबंधी सविस्तर निर्देश दिले. अटकेची पंचनाम्यासारखी टिपणी, नातेवाइकांना माहिती, वैद्यकीय तपासणी या गोष्टी तेव्हापासून बंधनकारक झाल्या. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष अधिनियम हे तीन नवे कायदे लागू झाल्याने जुन्या-नव्या सर्वच पोलिसांना पुन्हा विद्यार्थी व्हावे लागले आहे.

या साऱ्या निर्देशांनंतरही नोव्हेंबर २०१७ मध्ये सांगली शहरातील पोलीस ठाण्यात चोरीच्या संशयावरून पकडलेल्या एका तरुणाचा कोठडीतील मारहाणीत मृत्यू झाल्याचे प्रकरण उघडकीस आले. मृतदेह आंबोलीच्या घाटात नेऊन जाळल्याचा आरोप झाला आणि एका उपनिरीक्षकासह काही पोलिसांना अटक झाली. 'अर्धसत्य'मधील कोठडी पडद्यावरून आपल्या शेजारच्या शहरात आली. ज्यांच्यावर आरोप झाला, तेही कधीतरी निवड परीक्षा उत्तीर्ण झाले होते, त्यांच्याही घरी निकालाच्या दिवशी पेढे वाटले गेले असतील. कष्टाने निवड होणे ही चांगला पोलीस असण्याची हमी नव्हे, हे या घटनेने कठोरपणे दाखवून दिले. आणि त्याच प्रदेशातील ओंबळे यांनी आरोपी जिवंत राहावा म्हणून प्राण दिले होते, हेही या संदर्भात विसरता येत नाही. एकाच खात्यातील, एकाच मुलखातील ही दोन टोके आहेत. कोणता पोलीस कोणत्या टोकाला जाईल, हे धावण्याच्या वेळेवरून अथवा गुणांच्या यादीवरून सांगता येत नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

(१) 'मन में है विश्वास' हे ग्रामीण स्पर्धा परीक्षार्थीच्या अनुभवाला मराठी आत्मचरित्रात स्थान देणारे महत्त्वाचे पुस्तक आहे. न्यूनगंडावर मात करण्याचे बळ देणे हे त्याचे खरे कार्य असून ते त्याने प्रभावीपणे पार पाडले आहे.

(२) या प्रकारच्या कथनांचा उत्कर्षबिंदू निकाल हा असल्याने पोलीस होण्याची प्रक्रिया निवडीपुरती मर्यादित असल्याचा आभास निर्माण होतो. त्यामुळे अपयशी उमेदवार स्वतःला दोषी मानतो आणि यशस्वी उमेदवार वर्दीला बक्षीस मानण्याचा धोका उद्भवतो.

(३) भारतीय पोलीस सेवेची वाट वाङ्मयात ठळक आहे. संख्येने कितीतरी मोठ्या असलेल्या शिपाई, हवालदार, पदोन्नतीने वर आलेले उपनिरीक्षक आणि महिला पोलीस यांच्या वाटांचे कथन मात्र क्षीण आहे. महाराष्ट्रात पोलीस भरतीत महिलांसाठी ३० टक्के जागा राखीव असताना खेड्यातून आलेल्या महिला शिपायाचे सविस्तर आत्मकथन ही मराठी साहित्याची आजची निकड आहे.

(४) महाविद्यालयांतील स्पर्धा परीक्षा केंद्रांनी प्रश्नसंचांच्या सरावाबरोबर वाचन आणि लेखन यांचाही अभ्यासक्रम आखावा. 'मन में है विश्वास', 'अर्धसत्य' आणि 'उचल्या' या तीन कृती एकत्र अभ्यासल्या जाव्यात. ऐकलेला जबाब नेमक्या मराठीत लिहून काढणे, पाहिलेल्या जागेचे वर्णन करणे असे लेखनाचे पाठ घेतले जावेत. निवड न झालेल्या विद्यार्थ्यालाही हे शिक्षण उपयोगी पडेल, हा त्याचा आणखी एक लाभ. पत्रकारिता, वकिली, ग्रामपंचायतीचे काम अशा कोणत्याही क्षेत्रात ऐकण्याची आणि अचूक लिहिण्याची क्षमता वाया जात नाही.

कोकरूड, गोळेश्वर आणि केडंबे ही तीन गावे फार दूर नाहीत. एका गावाने परीक्षेतून वर जाणारा अधिकारी दिला, दुसऱ्याने आखाड्यातून आलेला आणि तिसऱ्याने सैन्यातून आलेला. येथील तरुणांसमोर आज मुख्यतः पहिल्या गावाची गोष्ट आहे. उरलेल्या दोन गावांच्या गोष्टीही तितक्याच सामर्थ्याने लिहिल्या गेल्या, तर पोलीस होण्याच्या वाटेचा पूर्ण नकाशा त्यांच्या हाती येईल. त्या नकाशात भरतीचे मैदान असेल, तुरची आणि नाशिकची प्रशिक्षणाची वर्षे असतील, ठाण्यातील रात्रपाळी असेल आणि कोठडीच्या दारापाशी स्वतःचा हात आवरण्याचा क्षणही असेल.